येळवस जागेवर, ईद फिरती

श्रोतेहो, नमस्कार.

लातूर-धाराशिवकडच्या शेतकऱ्याला येळवस कधी असते असं विचारलं, तर तो तारखेआधी रान दाखवेल. ज्वारी निसवलेली, हरभरा घाट्यावर आलेला, कडब्याच्या कोपीपुढे आंबील, भज्जी आणि उंडे मांडलेले. मार्गशीर्षातली ही अमावास्या इंग्रजी तारखेने दरवर्षी पुढे-मागे होते. पण डिसेंबरचा दुसरा पंधरवडा आणि जानेवारीचा पहिला पंधरवडा, एवढ्याच पट्ट्यात ती राहते. रमजानचं तसं नाही. २०१७ साली रोजे मेअखेरीच्या उन्हात सुरू झाले, २०२६ साली ते फेब्रुवारीतच सुरू झाले. दोन्ही सण चंद्रावर चालतात. मग एक जागेवर का राहतो आणि दुसरा सगळ्या ऋतूंतून का फिरतो? या एका प्रश्नाच्या मागे गेलं, की जगातल्या मोठ्या धर्मांचा उगम कुठे आहे आणि त्यांनी कोणती आठवण जपून ठेवली आहे, ते हाती लागतं. आज तेच पाहू.

आधी हिशेब. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवसांहून किंचित जास्त काळ जातो. असे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस. ऋतूंचं वर्ष तीनशे सव्वापासष्ट दिवसांचं. दरवर्षी जवळजवळ अकरा दिवसांची तूट पडते. ती तशीच सोडली तर सोळा वर्षांत येळवस भर पावसाळ्यात येईल, आणि रानात पूजेला ज्वारीचं कणीस मिळणार नाही.

आपल्या पंचांगाने ही तूट अधिक महिन्याने भरून काढली. आपण त्याला धोंड्याचा महिना म्हणतो; लेक-जावई जेवायला येतात, तेहतीस अनारशांचं वाण दिलं जातं. तो कधी धरायचा याचा नियम नेमका आहे. सूर्याला एक रास ओलांडायला सरासरी साडेतीस दिवसांच्या आसपास लागतात, चांद्रमास त्याहून जवळजवळ एक दिवसाने लहान. त्यामुळे साधारण साडेबत्तीस महिन्यांनी असा एक महिना येतो, की त्याच्या दोन अमावास्यांच्या मध्ये सूर्य रासच बदलत नाही. सूर्याचा राशीबदल म्हणजे संक्रांत; ती नसलेला तो महिना अधिक. २०२३ साली श्रावण दोनदा आला तो यामुळेच. उलटा प्रकारही होतो. जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, तेव्हा सूर्य राशी भरभर ओलांडताना दिसतो. क्वचित एकाच चांद्रमासात दोन संक्रांती येतात आणि एक महिना गळतो, तो क्षयमास. १९८२-८३च्या हिवाळ्यात असा क्षयमास आला होता.

हिंदू धर्माला एक संस्थापक नाही, एक ग्रंथ नाही. वेदांतले यज्ञ ऋतूंना बांधलेले होते, आणि कर्म, पुनर्जन्म, मोक्ष या कल्पना उपनिषदांत स्पष्ट होत गेल्या. ठरलेलं कर्म ठरलेल्या काळी करायचं, तर काळ बिनचूक मोजावा लागतो. म्हणूनच ज्योतिष हे वेदांगांपैकी, म्हणजे वेदांना पूरक शास्त्रांपैकी, एक झालं. आपल्या संकल्पात आपण आजही शालिवाहन शकाचं नाव घेतो. सातवाहनांची राजधानी असलेलं पैठण, म्हणजे प्रतिष्ठान, याच्याशी लोकपरंपरेने तो शक जोडला आहे. त्याची सुरुवात इसवी सन ७८ची. शालिवाहनाचं नाव त्याला कितीतरी शतकांनंतर चिकटलं.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. उत्तर भारतातल्या नातेवाइकांचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस लागतो, आणि दोघांनाही वाटतं की समोरच्याचं चुकलं. कुणाचंच चुकलेलं नसतं. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. म्हणून गोकुळाष्टमी आपल्याकडे श्रावण वद्य अष्टमी आणि तिकडे भाद्रपदातली अष्टमी. दिवस मात्र तोच.

आता इस्लाम. सातव्या शतकाच्या सुरुवातीला मक्केत प्रेषित मुहंमदांनी एकच ईश्वर आहे, त्याचा कुणी भागीदार नाही, असं सांगायला सुरुवात केली. विरोध वाढला, तेव्हा इसवी सन ६२२ मध्ये ते मदिनेला गेले. हे स्थलांतर म्हणजे हिजरत. पुढे खलिफा उमर यांच्या काळात कालगणना ठरवताना सुरुवात प्रेषितांच्या जन्मापासून धरली नाही, हिजरतीपासून धरली. ही निवड मला फार महत्त्वाची वाटते. श्रद्धावानांचा समाज म्हणून उभा राहण्याचा क्षण त्यांनी पहिला मानला.

त्याआधीच्या अरबस्तानातही महिने पुढे-मागे सरकवण्याची रीत होती, तिला नसी म्हणत. चार महिने लढाईला बंदी असलेले. सोय पाहून ते पुढे ढकलले जात. कुराणातल्या तौबा या सूरेने, म्हणजे अध्यायाने, ही रीत मोडून काढली: महिने बाराच, आणि माणसाने त्यांत ढवळाढवळ करायची नाही. ईश्वराच्या आज्ञेपुढे संपूर्ण शरण जाणं हाच इस्लाम या शब्दाचा अर्थ, आणि तो या दिनगणनेत जसाच्या तसा उतरला आहे. श्रद्धेची ग्वाही, नमाज, रोजा, जकात म्हणजे शिलकीच्या अडीच टक्के दान, आणि ऐपत असेल तर हज, या पाच स्तंभांपैकी रोजा आणि हज थेट या महिन्यांवर उभे आहेत. परिणाम असा, की साधारण तेहतीस वर्षांत रमजान सगळे ऋतू फिरून येतो. मराठवाड्यात जूनमधला रोजा पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत साडेचौदा तासांच्या आसपास जातो, डिसेंबरमधला सव्वाबारा. कुणा एकाच्या वाट्याला कायम उन्हाळा येत नाही. २०३० साली तर एकाच इंग्रजी वर्षात रमजान दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटी.

ईदची तारीख शेवटच्या संध्याकाळपर्यंत नक्की नसते, याचं कारणही नीट समजून घ्यावं. अमावास्येच्या क्षणापासून चंद्र सूर्यापासून दर तासाला अंदाजे अर्धा अंश दूर सरकतो. कोर डोळ्यांना दिसायची तर साधारण वीस तास तरी उलटलेले असले की बरं. अरबस्तानात सूर्य आपल्यानंतर अडीच तासांनी मावळतो, तेवढ्या वेळात चंद्राला अंतर जास्त मिळतं. म्हणून तिथे बऱ्याचदा एक दिवस आधी ईद होते. आपल्याकडे एकोणतिसाव्या संध्याकाळी ढग असले आणि कुठूनच चांद दिसल्याची शहादत, म्हणजे साक्ष, आली नाही, तर तीस पूर्ण करायचे. सुट्टीची सरकारी यादी वर्षभर आधी छापलेली असते, म्हणून ऐनवेळी सुट्टी बदलते. त्यात कुणाची ढिलाई नसते.

आणखी एक चूक अशी, की रात्र आधी येते हे विसरलं जातं. मुस्लिम आणि ज्यू परंपरेत दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. गुरुवारची संध्याकाळ म्हणजे जुम्याची रात्र. पहिल्या रोजाच्या आदल्या रात्रीच तरावीहची, म्हणजे रमजानच्या रात्रींची खास, नमाज सुरू होते. आपली तिथी मात्र सूर्योदयाला जी असेल ती.

फिरत्या महिन्यांचा त्रास राज्यकर्त्यांना झाला. शेतसारा पिकावर घ्यायचा, आणि हिजरी वर्ष पिकाच्या पुढे पळणार. म्हणून मोगलांनी महसुलासाठी सूर्यावर चालणारं फसली वर्ष काढलं, आणि निजामाच्या राज्यात ते शेवटपर्यंत चाललं. मराठवाड्यातल्या ज्या घरांत जुन्या जमिनीच्या नकला आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावं. फसली सनात ५९० मिळवले, की ते वर्ष ज्या इसवी सनात सुरू झालं तो सन मिळतो. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. तेच वर्ष हिजरी समजून मोजलं तर घोटाळा होतो. १३३० फसली म्हणजे १९२०-२१, पण १३३० हिजरी म्हणजे जवळजवळ सगळं १९१२. हिजरीसाठी नुसतं ६२२ वजा करून भागत नाही. इसवी सनातून ६२२ वजा करा, उरलेल्याला ३३ने गुणा, ३२ने भागा. २०२६चं गणित १४४७-४८ असं येतं. उर्दू कागदावर सनाशेजारी फसली लिहिलंय की हिजरी, ते आधी वाचून घ्या.

लोकजीवनाने यात आपली वाटही काढली आहे. खुलताबादचे उरूस हिजरी महिन्यांबरोबर फिरतात. परभणीचा सूफी संत तुराबुल हक यांचा उरूस मात्र दरवर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरतो, सुगीच्या तोंडावर.

हाच प्रश्न इस्लामच्या आधी ज्यूंपुढे आला होता. इजिप्तच्या गुलामीतून ईश्वराने सोडवलं आणि मोशेच्या हाती नियमशास्त्र देऊन करार केला, हा त्यांच्या श्रद्धेचा गाभा. त्या सुटकेचा सण म्हणजे वल्हांडण. तो अबीब महिन्यात पाळा, अशी आज्ञा आहे. अबीब म्हणजे जवाची कणसं. आपल्या येळवसेसारखंच हे, सण कणसाला बांधलेला. म्हणून ज्यू गणनेत एकोणीस वर्षांत सात वेळा अदार हा महिना दुप्पट होतो. मराठी बोलणारे बेने इस्रायली ज्यू कोकणात तेलघाणे चालवत आणि शनिवारी, म्हणजे शब्बाथला, घाणा बंद ठेवत. लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. एका नियमाने समाजाला नाव मिळालं.

येशूला क्रूसावर चढवलं ते वल्हांडणाच्या दिवसांत, शुक्रवारी. तिसऱ्या दिवशी, रविवारी, तो पुन्हा उठला, आणि त्याच्या बलिदानाने माणसाच्या पापांची क्षमा झाली, ही ख्रिस्ती श्रद्धा. मग ईस्टर कधी पाळायचा? पौर्णिमेला की रविवारी? या वादावर ३२५ साली नायसियाच्या धर्मसभेत निर्णय झाला, आणि त्यातून पुढे स्थिरावलेला नियम असा: २१ मार्च किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येईल, तिच्या पुढचा रविवार. त्यामुळे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यानच येतो. २०२५ साली १२ एप्रिलला आपल्याकडे हनुमान जयंती होती, त्याच संध्याकाळी वल्हांडण सुरू झालं, आणि ईस्टर २० एप्रिलला आला. तिन्ही एकाच चैत्री पौर्णिमेचे.

पण हा नियम एका चुकीने बिघडत गेला. तेव्हा युरोपात चालणारं जुलियन वर्ष खऱ्यापेक्षा अकरा मिनिटांनी मोठं होतं. अकरा मिनिटं क्षुल्लक वाटतात, पण १२८ वर्षांत त्यांचा एक दिवस होतो. सोळाव्या शतकापर्यंत वसंतसंपात, म्हणजे मार्चमधला दिवस-रात्र समान असण्याचा दिवस, दहा दिवस मागे आला. तेव्हा पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर धरायला लावली. आपल्या भिंतीवरची आजची तारीख ही ईस्टर जागेवर आणण्याच्या त्या खटपटीतून आली आहे. रशियातलं चर्च जुन्या गणनेवरच राहिलं, म्हणून तिथला नाताळ ७ जानेवारीला. पारशी शहेनशाही वर्षात तर लीप दिवसच नाही, त्यांचं नवं वर्ष चार वर्षांत एक दिवस मागे सरकतं. सध्या ते ऑगस्टच्या मध्यावर आहे.

बौद्ध परंपरेत पौर्णिमेचं महत्त्व भिक्षुसंघाच्या शिस्तीतून आलं. दुःख आहे, तृष्णा हे त्याचं कारण, तृष्णेचा निरोध करता येतो, आणि त्यासाठी अष्टांगिक मार्ग आहे, ही बुद्धांची शिकवण. भिक्षू अमावास्येला आणि पौर्णिमेला एकत्र बसून नियमांचं पठण करत. पाली परंपरेत ते २२७ आहेत. पावसाळ्यात फिरताना पिकं आणि जीवजंतू तुडवले जातात म्हणून आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने एका जागी वर्षावास. अजिंठ्याचे आणि वेरूळच्या पहिल्या बारा लेण्यांतले विहार पाहताना हा पाऊस डोळ्यांपुढे आणावा. त्या खोल्या कशासाठी कोरल्या ते कळतं. जैन साधूंचा चातुर्मास याच कारणाचा, अहिंसेचा. त्यांचं वीर निर्वाण संवत इसवी सनपूर्व ५२७ मध्ये अश्विन अमावास्येला पावापुरीत झालेल्या महावीरांच्या निर्वाणापासून मोजतात. आपल्या लक्ष्मीपूजनाच्या दिवशी जैन मंदिरात निर्वाणलाडू चढतो तो यासाठी.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षेसाठी १९५६ सालची विजयादशमी निवडली, ती १४ ऑक्टोबरला होती. म्हणून धम्मचक्र प्रवर्तन दिन कुठे तिथीने, कुठे तारखेने पाळला जातो.

तिथी आणि तारीख यांचा खरा पेच नांदेडला पाहावा. ऑक्टोबर १७०८ मध्ये गुरू गोबिंदसिंगजींनी इथे गुरूगादी ग्रंथसाहिबाकडे सोपवली. त्यानंतर देहधारी गुरू नाही. एक ओंकार, नामस्मरण, कष्टाची कमाई आणि ती वाटून खाणं, ही गुरू नानकांपासूनची शिकवण लंगरात रोज दिसते. गुरू गोबिंदसिंगजींची जयंती तिथीने पाळली, तेव्हा २०१७ साली ती जानेवारीत आणि डिसेंबरमध्ये अशी दोनदा आली, आणि २०१८ साली आलीच नाही. असे पेच सोडवायला त्याआधीच, २००३ साली, सूर्यावर चालणारी नानकशाही दिनदर्शिका आली होती, ५ जानेवारी ही तारीख ठरली. २०१० साली तिच्यात बदल झाले, आणि मतभेद अजून मिटलेले नाहीत. गुरू नानकांची जयंती मात्र तेव्हाही कार्तिक पौर्णिमेलाच ठेवली गेली.

दिनदर्शिकेत अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी बारीक अक्षरात ‘चंद्रदर्शन’ असं छापलेलं असतं. त्या संध्याकाळी सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी, पश्चिमेला झाडं-घरं नसतील अशा जागी उभे राहा. जिथे सूर्य बुडाला, त्याच्या थोडं वर, किंचित डावी-उजवीकडे शोधा. केसासारखी बारीक कोर अर्ध्या-पाऊण तासात मावळते. त्याच वेळी गावातल्या दुसऱ्या गच्चीवरूनही कुणीतरी तिलाच शोधत असेल.