घरून पाय धुऊन गेलेला माणूस

जय ख्रिस्त मंडळी! नम्रतेवर बोलायला एक पुणेकर बसलाय. आधी हसून घ्या.

झालं? आता माझ्या टाचांपासून सुरुवात करतो.

गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी, पवित्र गुरुवारी, बऱ्याच चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी असतो. मंडळीतली बारा माणसं पुढे बसतात आणि पाळक कमरेला पंचा गुंडाळून एकेकाचे पाय धुतात. एका वर्षी त्या बारांत माझं नाव आलं. मी काय केलं असेल? दुपारीच बाथरूममध्ये शिरलो. वजरीने टाचा घासल्या, नखं काढली, भेगांवर व्हॅसलीन चोपडलं, कपाटातले नवे मोजे काढले. बायको दारातून म्हणाली, "अहो, पाय ते धुणारेत ना?"

संध्याकाळी माझ्या शेजारी चर्चची झाडलोट करणाऱ्या मावशी बसल्या होत्या. काम उरकून तशाच आलेल्या. त्यांनी चपला सारल्या आणि पाय परातीवर धरले. पाणी बघता बघता मातकट झालं. मावशी पाळकांना हळूच म्हणाल्या, "कोमट केलंय व्हय? बरं वाटलं." नंतर परात रिकामी करून माझ्यापुढे आणली. माझ्या पायांवरून पाणी जसं पडलं, तसंच निर्मळ खाली गेलं. पाळकांना धुवायला मी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

घरी येताना स्कूटरवर डोक्यात हेच चाललं होतं. गर्व म्हटलं की आपल्याला पुढची खुर्ची आठवते, हार-तुरे आठवतात, हंगामाच्या सणाला आभार मानताना आपलं नाव राहिलं म्हणून महिनाभर फुगून बसलेले काका आठवतात. (ते काका मीही होतो एकदा, पण तो विषय वेगळा.) हा गर्व सगळ्यांना दिसतो, म्हणून त्याला बोलणारेही भेटतात. दुसरा गर्व मात्र सभ्य असतो. तो म्हणतो, 'नको, मला कोणाचं काही नको. माझं मी बघेन.' लोक त्याला स्वाभिमान म्हणतात, कौतुकही करतात.

योहानाच्या शुभवर्तमानाचा १३ वा अध्याय काढा. येशू जेवणावरून उठतो, बाह्यवस्त्र काढून ठेवतो, रुमाल कमरेला बांधतो आणि शिष्यांचे पाय धुवायला घेतो. त्या काळी हे काम घरातल्या अगदी खालच्या नोकराचं. पेत्र या शिष्याची पाळी येते तेव्हा तो साफ नाही म्हणतो. ऐकायला किती नम्र वाटतं! गुरूने माझे पाय धुवायचे? छे! पण येशू त्याला शाबासकी देत नाही. मी तुला धुतलं नाही, तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही, असं सांगतो. म्हणजे पेत्राची ती नम्रता येशूच्या लेखी अडसर ठरली. देणारा कोण आणि घेणारा कोण हे पेत्रच ठरवत होता, म्हणून. आणि एक गोष्ट आपण घाईत वाचून जातो. तेव्हा येशूला धरून देणारा यहूदा अजून उठून गेलेला नव्हता. त्याचेही पाय त्याच पाण्याने धुतले गेले.

कोणाच्या हातचं घ्यायचं, हा प्रश्न पुण्याला काही नवा नाही. १८९० साली गुरुवार पेठेतल्या पंच हौद मिशनमध्ये शहरातली बडी मंडळी व्याख्यानाला गेली होती. त्यांच्यात न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. मिशनऱ्यांनी चहा पुढे केला. कोणी प्यायले, कोणी नुसता कपाला हात लावला. ती नावं छापून आली आणि ख्रिस्त्यांच्या हातचं घेतलं म्हणून गावभर गदारोळ झाला. प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. एका कपभर चहासाठी! आपण ख्रिस्ती लोक हा किस्सा मिटक्या मारत सांगतो. पण आपल्याच घरात स्थळ बघताना 'मूळचे कुठले, ख्रिस्ती होण्याआधीचे कोण' ही चौकशी अजून होते ना? मग कुठल्या तोंडाने हसायचं?

प्रेषित पौल फिलिप्पै शहरातल्या मंडळीला पत्र लिहितो ते तुरुंगातून. फिलिप्पै म्हणजे रोमन वसाहत, नागरिकत्वाचा भारी तोरा. तिथे 'लीन' हा शब्द चारचौघांत कमीपणाचा होता, दासाला शोभेल असा. पौल नेमका तोच उचलतो आणि ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं, असं २ ऱ्या अध्यायात लिहितो. इतकं उंच का बोलतोय, याचा अंदाज ४ थ्या अध्यायात येतो. मंडळीतल्या दोन कार्यकर्त्या बायकांचं, युवदीया आणि सुंतुखे यांचं, पटत नव्हतं. दोघींनाही तो एकचित्त व्हायची विनंती करतो. माझ्या वाचण्याप्रमाणे ती सगळी थोर शिकवण अशाच भांडणांसाठी होती. आपल्या चर्चचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीच्या बैठकीत बसून बघा, पटेल.

आता कोणी म्हणेल, नम्र म्हणजे सगळ्यांच्या होला हो करायचं का? आपल्या जिल्ह्यातल्या केडगावच्या पंडिता रमाबाईंकडे बघा. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या धर्मभगिनींशी त्या पत्रांतून चांगल्याच वाद घालायच्या. क्रुसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नकोत, इथपर्यंत! लीनतेच्या नावाखाली मान तुकवणं त्यांना जमलं नाही. पण हीच संस्कृत पंडिता पुढे केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकली. कशासाठी? खेड्यातल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत बायबल आणायला. ते जुळवलं, छापलं त्यांच्याच मुक्ती मिशन या संस्थेच्या छापखान्यात, तिथल्याच बायकांनी. ज्या विद्वत्तेवर नाव झालं, ती वाक्यात कुठे दिसू नये म्हणून शब्द साधे निवडायचे. मला हे पाय धुण्याइतकंच अवघड वाटतं.

आपल्यासारख्यांनी काय करायचं? थंबनेलवर 'गर्व घालवण्याचे सात उपाय' लिहिलं असतं तर व्ह्यूज वाढले असते, पण माझ्याकडे सात नाहीत. दोन गोष्टी करून बघतोय. प्रार्थनासभेत 'माझ्या एका मित्राला अडचण आहे' म्हणायचं सोडून 'मला आहे' म्हणायचं. पहिल्यांदा घसा कोरडा पडला. दुसरं, 'माझं चुकलं' म्हटल्यावर तिथेच थांबायचं. 'माझं चुकलं, पण...' यातल्या त्या 'पण'मध्ये सगळा ताठा पाय पसरून बसलेला असतो. माझ्या बायकोला विचारा, अजून दहातला एखादाच दिवस जमतं.

यंदाच्या पवित्र गुरुवारी मी कामावरून थेट चर्चला गेलो. हडपसरची धूळ, साध्या चपला, टाचांना भेगा. मुद्दाम काही केलं नाही. म्हटलं, या वेळी मावशींसारखे पाय पुढे करायचे.

बारांच्या यादीत माझं नावच नव्हतं. आणि खरं सांगतो, मला राग आला.