बारावा पडदा आणि रुपयाची दोन नाणी

नमस्कार श्रोतेहो.

मे महिना लागला की ग्वाल्हेरात घरोघरी कुलर साफ होतात आणि परीक्षा संपलेली मुलं काहीतरी मागायला लागतात. गेली काही वर्षं त्या मागण्यांत गिटार फार आहे. मी सतार वाजवते, म्हणून ओळखीतले आईवडील मला विचारतात, "ताई, चार-पाच हजारांत बरी गिटार येते का हो?"

येते. आधीच सांगून टाकते, येते. फक्त ती घेताना काय बघायचं ते ठाऊक हवं. आणि ते मला माझ्या भाचीच्या गिटारीनं शिकवलं, म्हणून आधी तिची गोष्ट.

भाची तेव्हा तेरा वर्षांची. वाढदिवसाला तिनं घरबसल्या गिटार मागवली, तीन हजार आठशेला. काळी, चकचकीत. सोबत पिशवी, पट्टा, तारांचा जादा संच, तार छेडायची रंगीत पिकं. पोरगी हरखून गेली. पहिल्या आठवड्यात रोज तासभर बसायची. दुसऱ्या आठवड्यात अर्धा तास. महिन्याभरात गिटार कपाटावर गेली आणि तिची आई म्हणाली, "बघ, मी म्हटलंच होतं, चार दिवसांचं खूळ."

मी सुट्टीत तिच्याकडे गेले तेव्हा म्हटलं, आण गं, बघू. तिनं डाव्या हाताची बोटं पुढे केली. मधल्या बोटाच्या टोकाला कातडी फाटून पुन्हा भरलेली. म्हणाली, "मावशी, माझी बोटंच गिटारीची नाहीत." श्रोतेहो, सतारीनं माझ्याही बोटाला घट्टे पडलेत, पण हे घट्टे नव्हते, या जखमा होत्या. मी तार दाबून पाहिली. चाळीस वर्षं सतार वाजवणारी मी, मलाही ती पडद्यापर्यंत, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्टीपर्यंत, न्यायला जोर लावावा लागला! त्या तारा पडद्यांपासून इतक्या उंच होत्या की खाली बोट सरकेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही गिटार घेऊन ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजाच्या बाजूला एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. माझ्या सतारीची जवारी तेच काढतात, म्हणजे घोडी घासून आवाज खुलवतात. गिटार त्यांचं रोजचं काम नव्हे. त्यांनी ती मांडीवर आडवी घेतली, एक डोळा मिटून दांडीवरून नजर टाकली, मग खिशातून रुपयाची नाणी काढली. बाराव्या पडद्यावर, जाड तारेखाली एकावर एक सारली. एक गेलं, दुसरं गेलं, तिसरंही सहज गेलं. भाचीकडे बघून म्हणाले, "बिटिया, साज में खराबी नहीं है. घोड़ी ऊँची है, बस."

घोडी म्हणजे काय ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. तंबोऱ्याला, सतारीला असते तीच, तारा जिच्यावरून जातात ती. गिटारीच्या घोडीत एक पांढरी पट्टी बसवलेली असते. तारा सैल केल्या की ती नुसती ओढून निघते. त्यांनी ती काढली, पेन्सिलीनं एक रेघ मारली, काचेवर सँडपेपर ठेवला आणि पट्टी त्यावर पुढे-मागे घासायला लागले. पांढरी भुकटी पडत होती. मध्येच थांबून पट्टी उजेडाकडे धरायची, तळ सपाट आहे ना बघायचं, पुन्हा घासायचं. घाई नाही. बाराव्या पडद्याशी तार एक मिलीमीटर खाली यायला हवी असेल तर पट्टी दोन मिलीमीटर घासावी लागते, कारण बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो. हे त्यांना कुणी गणितात शिकवलेलं नव्हतं, हाताला माहीत होतं. अर्ध्या तासात पट्टी परत बसली, तारा चढल्या, सुरात आल्या. आता नाणी दोनच गेली. तीनशे रुपये झाले.

भाचीनं तिथेच, दुकानाच्या पायरीवर बसून एक कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गुच्छ, धरला. सहाही तारा वाजल्या, एकही मुकी राहिली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. महिनाभर ती पोर स्वतःलाच दोष देत होती, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हा पहिली गोष्ट, आणि पुन्हा सांगते: बारावा पडदा, रुपयाची दोन नाणी. दोन नाणी मिळून साधारण तीन मिलीमीटर होतात. जाड तारेखाली तेवढी जागा पुष्कळ झाली. तिसरं नाणं आरामात जात असेल तर गिटार सोडा, किंवा घोडी उतरवायचे तीन-चारशे रुपये हिशेबात धरा. अनेक स्वस्त गिटारी वाईट नसतात, त्यांना शेवटचा हात लागलेला नसतो. पाच हजार खर्चायचे असतील तर चार हजार गिटारीला आणि उरलेले कारागिराला व चांगल्या तारांना ठेवा.

एक मात्र खरं, जुन्या घरांतून सापडते ती हवाइयन गिटार वेगळी. ती आडवी ठेवून, धातूच्या दांड्यानं तारेवर सरकत वाजवतात, तिथे उंच तारा हव्याच असतात. ब्रिजभूषण काबरांनी आपलं रागसंगीत त्याच पद्धतीनं गिटारीवर आणलं. पण मुलाला बोटांनी कॉर्ड धरायचे असतील तर ती गिटार कामाची नाही.

दुसरी कसोटी सुराची. मोकळी तार छेडा, मग तीच बाराव्या पडद्यावर दाबून छेडा. सा आणि वरचा सा जुळायला हवेत. आपल्या शहरात हे ओळखणारा कान घरोघरी आहे, आजीला सोबत न्या. तारा नव्या असूनही सूर हलत असेल तर त्या गिटारीच्या फुकटच्या पिशवीला भुलू नका.

इथे एक बोलते, राहवत नाही म्हणून. "तानसेनाच्या गावात गिटार कशाला?" असं काही वडीलधारे म्हणतात. अहो, पेटीही विलायतेहूनच आली. ह्याच आकाशवाणीनं १९४० साली पेटीला बंदी घातली होती, ती उठायला १९७१ उजाडलं. आज पेटीशिवाय आपलं भजन होतं का? मुलाच्या हातात वाद्य आलं यातच मला आनंद आहे, मग ते कुठलंही असो.

लाकडाबद्दल थोडक्यात. पुढची फळी अखंड लाकडाची असेल तर आवाज खुलतो, किंमतही वाढते. पण आपल्या ग्वाल्हेरच्या लूमध्ये अखंड फळी तडकायची भीती जास्त. पहिल्या गिटारीला प्लायची, थरांची फळी घ्या, माझं स्पष्ट मत आहे. वर्षाचे बारा महिने ती जास्त सोसते. आवाजाच्या भोकाची कड निरखून पाहिली तर थर दिसतात.

तारा लोखंडी आहेत की नायलॉनच्या, हे विचारून घ्या. लोखंडी तारांचा एकूण ताण सत्तर किलोच्या आसपास जातो. नायलॉनसाठी बनवलेल्या गिटारीवर लोखंडी तारा कधी चढवू नका, घोडी उखडून येते. आणि दहा वर्षांच्या मुलाला ४१ इंची गिटार देऊ नका, ३६ इंची पुरते.

राहिला कुलर. गिटार कुलरच्या झोतात ठेवायची नाही. दुपारभर ओलसर वारा, कुलर बंद झाला की कोरडी हवा, यात लाकूड फुगतं आणि आकसतं, दांडी वाकते. कुलरपासून लांब, उन्हाच्या खिडकीपासून लांब, आतल्या भिंतीशी, पिशवीत. भाचीची काळी गिटार अशीच आतल्या खोलीत असते. सहा वर्षं झाली. पट्टी एकदाच घासली, तारा मात्र दर तीन महिन्यांनी बदलते, आणि त्या तारा आणायला आता ती एकटीच लष्करात जाते.

नमस्कार.