बांध कुठे, ते सातबारा सांगत नाही

नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो.

भूमि अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून नोकरी करताना एक तक्रार मी सर्वांत जास्त वेळा ऐकली. "साहेब, सातबाऱ्याला क्षेत्र पुरतं आहे, शेतात कमी भरतंय. म्हणजे शेजाऱ्यानं बांध कोरला." कधी ती खरी निघायची, कधी नाही. पण तक्रार करणाऱ्याच्या हातात दर वेळी सातबाराच असायचा, आणि तो पुरायचा नाही.

सातबारा सांगतो जमीन कोणाच्या नावावर आणि किती. कुठून कुठपर्यंत, हे सातबारा सांगत नाही. ते टिपण आणि नकाशा सांगतात. पुन्हा सांगतो: कोणाची आणि किती, ते सातबाऱ्यावर. कुठून कुठपर्यंत, ते टिपणावर.

आता 'कोणाची' याबद्दलही एक गोष्ट. जमीन महसूल संहिता 1966 सालची. तिचं कलम 157 सांगतं की हक्कनोंदणीतली नोंद खरी धरली जाईल, पण त्याविरुद्ध शाबीत होईपर्यंतच. मालकीचा वाद दिवाणी कोर्टात गेला की खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र हे कागद बोलतात. सातबारा महसूल वसुलीसाठी जन्मला, म्हणून खरेदीखतं जपून ठेवा. फेरफार झाला, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदललं, तरी मूळ कागदाचं काम संपलं असं नाही.

टिपण म्हणजे काय? इंग्रजी अमदानीत, 1830 च्या दशकात, इंदापूर तालुक्यात विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी मोजणीची जी पद्धत बसवली, तिच्यावर आपला सगळा डोलारा उभा आहे. साखळी 33 फुटांची, तिचे भाग 16, एकेका भागाला म्हणायचं आणा. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, झाला एक गुंठा. म्हणून गुंठा 1089 चौरस फुटांचा. शेताचा प्रत्येक कोपरा, प्रत्येक वळण साखळी-आण्यांत मोजून हातानं काढलेला कच्चा आराखडा, ते टिपण. तुमच्या गावात जमिनीच्या तुकड्यांचं एकत्रीकरण होऊन गट पडले असतील, तर टिपण जुन्या सर्व्हे नंबरचं मिळेल. आधी तो जुना नंबर शोधा.

आता एक हकीकत सांगतो, कारण कलमं विसरली तरी हकीकत लक्षात राहते.

सांगोल्याकडचं एक गाव. चुलतभावांची दोन घरं, मध्ये एक बांध, आणि त्या बांधावरून दोन पिढ्यांची बोलचाल बंद. धाकट्या घरानं हद्दकायम मोजणीचा, म्हणजे हद्द मोजून दाखवण्याचा, अर्ज केला. नोटिसा गेल्या, दिवस ठरला. मी प्लेन टेबलचा, म्हणजे जागेवरच नकाशा काढायचा, बोर्ड घेऊन पोचलो तेव्हा बांधाच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी. इकडची इकडच्यांच्या बाजूला, तिकडची तिकडच्यांच्या.

मोजणीला पक्की खूण लागते. दोन विहिरी टिपणावर होत्या आणि जागेवरही होत्या. मिळेना तो तीन सर्व्हे नंबर जिथे एकमेकांना भिडतात तिथला दगड. थोरलं घर म्हणे तो ओढ्यालगत होता, धाकटं घर म्हणे बाभळीखाली होता. तेवढ्यात लिंबाखाली बसलेली थोरल्या घरची म्हातारी उठली. काठी टेकत आली आणि दोन्ही जागा सोडून भलतीकडेच उभी राहिली. म्हणाली, "मी नांदायला आले तवा हितं दगूड हुता. भाकरीची पाटी मी त्याच्यावर टेकवायची आन् मग वढा उतरायची." तिचाच मुलगा तिला म्हणाला, "आई, तू बस गप."

मी काही बोललो नाही. विहिरींवरून रेषा आणल्या, टिपणावरची अंतरं मोजली. कोपरा पडला म्हातारीच्या काठीपासून दीड हातावर. "खणा," म्हटलं. ओढ्यावर बंधारा झाल्यापासून तिथे दर पावसाळ्यात गाळ बसत होता. कमरेइतकं खणल्यावर पहार टण्णकन वाजली. माती हातानं पुसली, तर दगडाच्या माथ्यावर टाकीनं मारलेली फुली. तोवर दोन्ही बाजूंची माणसं खड्ड्याभोवती एकत्र वाकली होती. कोण कोणाच्या बाजूचं, ते ओळखू येईना.

मग रेषा आखली, आणि निघालं ते कोणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. वरच्या टोकाला थोरल्या घराचा नांगर पाच आणे, म्हणजे सुमारे दहा फूट, धाकट्याच्या रानात शिरलेला. खालच्या टोकाला धाकट्याचा थोरल्याच्या रानात जवळजवळ तेवढाच. बांध मध्येच कुठेतरी वाकडा फिरला होता. दोघांचंही क्षेत्र सातबाऱ्याशी जुळत होतं. कमी कोणाचंच नव्हतं.

थोरला चुलतभाऊ पुष्कळ वेळ त्या रेषेकडे बघत राहिला. म्हातारी एवढंच म्हणाली, "दगूड वर घ्या. फुडच्याला खणायला लागू नये." दोन्ही घरच्या पोरांनी मिळून तो वर काढला. माझ्यासमोर, पंचांसमोर, त्याच जागी जमिनीच्या वर दिसेल असा बसवला. पंचनाम्यावर दोघांच्या सह्या झाल्या. बांध सरळ झाला.

नोटीस सातबाऱ्यावरच्या नावांना जाते. त्या म्हातारीला नोटीस गेली नव्हती. नवऱ्यामागे वारस नोंद झाली ती फक्त मुलांची. गावोगाव हेच बघितलं. कायद्यानं विधवा वारस आहे, मुलीही वारस आहेत, तरी आई "घरचीच" म्हणून राहून जाते आणि बहिणींच्या हक्कसोडपत्रावर दिवाळीच्या माहेरपणात सह्या होतात. मला हे मुळीच पटत नाही. पूर्वी गावशिवेचा तंटा पडला की महाराची साक्ष मोलाची मानत, कारण शीव त्याच्या पायाखालची. त्याच माणसाला गावानं वेशीबाहेर ठेवलं. हद्द ज्यांना ठाऊक, त्यांना कागदावर आणि गावात जागा नाही, ही आपली जुनी खोड आहे. तुमच्या घरच्या सातबाऱ्यावर आईचं नाव आहे का, ते आज बघा.

मुद्द्याकडे येतो. मोजणीचा अर्ज उपअधीक्षक भूमि अभिलेख कार्यालयाकडे, आता ऑनलाइनही. मोजणी आता उपग्रहाच्या मदतीनं जागा टिपणाऱ्या रोव्हर यंत्रानं होते, वेळ कमी लागतो. पण यंत्रालाही जुळवायला टिपण आणि जागेवरची खूण लागतेच. हद्दीच्या खुणा सांभाळायची जबाबदारी कायद्यानं जमीनधारकावर आहे. ट्रॅक्टरच्या सोयीसाठी दगड उपटू नका. मोजणी शेजाऱ्यानं मागितली असली तरी हजर राहा. तुमचं म्हणणं असेल तर लेखी जबाब द्या, पंचनामा वाचून सही करा आणि मोजणी नकाशाची 'क' प्रत मागून घ्या. मोजणी मान्य नसेल तर वरिष्ठांकडून निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी, मागता येते.

आणि हे नीट ऐका: मोजणीदार हद्द दाखवतो, ताबा देत नाही. हद्द दाखवतो, ताबा देत नाही. अतिक्रमण निघालं आणि समोरचा सोडेना, तर पुढचा मार्ग दिवाणी कोर्टाचा किंवा संहितेच्या कलम 138 चा. बांधावरून वाट हवी असेल तर कलम 143 खाली तहसीलदारांकडे.

कुठे कुठे बांधाचा नाही, अख्ख्या रानाचाच घोळ असतो. माझ्या नावची जमीन तुम्ही कसता, तुमच्या नावची मी. असा एकमेकांच्या जमिनीचा ताबा किमान 12 वर्षं असेल, तर त्यासाठी राज्य शासनानं 2023 साली सलोखा योजना आणली. तिच्यात अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक 1000 रुपये आणि नोंदणी फी 1000 रुपये ठरली. दोघांची संमती मात्र हवी. तुमच्या गटाला ती लागू होते का, मुदत अजून आहे का, हे तलाठ्याकडे विचारा. जाताना दोघे मिळून जा, कारण ताब्याचा पंचनामा दोघांच्याही शेतांचा होतो.

नमस्कार.