सहयोगी सदस्य
(लघुमाहितीपटाचे निवेदन)

[दृश्य: सिन्नर बसस्थानक, पहाट. एसटी फलाटाला लागते.]

सिन्नरहून नाशिक तासाभराच्या आत येतं. बसायला जागा मिळाली तर तेवढ्यात एक प्रकरण वाचून होतं, नाही मिळाली तर एका हाताने दांडा धरून मोबाइलवरच्या नोट्स. या मुलीच्या पिशवीतली ही निळी फाइल मात्र अभ्यासाची नाही. आत विद्यार्थ्यांची नावं आहेत, त्यांची कॉलेजं, फोन नंबर, आणि पुढे पेन्सिलने केलेल्या खुणा. कुणाला इंटर्नशिप मिळाली, कुणाला नाही, कुणी फोनच उचलत नाही.

एम.ए. मानसशास्त्राचं तिचं हे दुसरं वर्ष. मानसशास्त्रज्ञांच्या एका व्यावसायिक संघटनेच्या विद्यार्थी विभागाची ती अध्यक्ष आहे. या फिल्ममध्ये कुणाचंच नाव नाही, ते तिच्या सांगण्यावरून. "ताई, माझं नाव नको. पद पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे जाणार आहे."

[दृश्य: गंगापूर रोडवरची खोली. सतरंजी. फरसाणाचा रिकामा डबा.]

विद्यार्थी विभागाच्या निवडणुकीची ही मतपेटी. झाकणाला ब्लेडने चीर पाडली आहे आणि कडा बोटाला लागू नये म्हणून वर चिकटपट्टी लावली आहे. मालेगाव, येवला, पेठ, नाशिक रोड, जिल्ह्याच्या कुठल्या कुठल्या टोकांहून मुलं आली आहेत. मोबाइलवर फॉर्म टाकला असता तर एकालाही प्रवास करावा लागला नसता. पण फॉर्ममध्ये भरणाऱ्याचा ईमेल उमटतो, आणि मत कुणी दिलं हे कुणालाही कळू नये असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. म्हणून चिठ्ठ्या. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी गुप्ततेचा इतका हट्ट धरावा हे मला फार योग्य वाटतं.

मोजणी बघा. खजिनदाराच्या जागेसाठी दोन उमेदवार होते. चिठ्ठ्या उघडून मोठ्याने वाचतोय तो त्यांच्यापैकीच एक, आणि तो हरतोय. शेवटची चिठ्ठी वाचून झाल्यावर तो सगळा गठ्ठा पुन्हा मोजायला शेजारच्या मुलीकडे देतो. आकडा तोच येतो. मग चहा.

[दृश्य: फळ्यावर खडूने लिहिलेली सालं.]

बैठकीआधी नव्या मुलांना थोडा इतिहास सांगायची पद्धत यांनीच पाडली आहे. फळ्यावर पहिलं साल आहे 1892. त्या वर्षी ग्रॅनव्हिल स्टॅन्ली हॉल यांच्या पुढाकाराने अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन स्थापन झाली. त्याखाली 1916, कोलकाता विद्यापीठात नरेंद्रनाथ सेनगुप्तांच्या हाताखाली मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला, आपल्या देशातला पहिला. मग 1924, इंडियन सायकॉलॉजिकल असोसिएशन. आणि ज्या सालाभोवती तिने दोनदा गोल काढला आहे ते 1988.

त्या वर्षी अमेरिकेत स्कॉट मेश आणि डेव्हिड पायलन या दोन विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनमध्ये पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. मूळ संघटना तोवर शहाण्णव वर्षांची झाली होती. इतकी वर्षं विद्यार्थी प्रयोगशाळेत होते, दवाखान्यात होते, परिषदेत खुर्च्या लावायलाही होते. नियम ठरायचे त्या खोलीत त्यांना जागा नव्हती. आज त्या विभागाचा अध्यक्ष मूळ संघटनेच्या संचालक मंडळावर बसतो. 2012 च्या सुमारास तिथे इंटर्नशिपच्या जागा कमी आणि विद्यार्थी जास्त अशी स्थिती होती, दरवर्षी शेकडो जण जागेविना राहायचे. हा प्रश्न लावून धरणाऱ्यांत हा विद्यार्थी विभाग पुढे होता, कारण झळ त्यांनाच लागत होती.

मागच्या रांगेतला मुलगा विचारतो, "आणि आपल्याकडे?"

ती फाइल उघडते.

[दृश्य: फाइलची पानं, जवळून.]

आपल्याकडे कितीतरी विद्यार्थी इंटर्नशिप मिळावी म्हणून स्वतःच्या खिशातून पैसे भरतात. सुपरव्हिजनचे, म्हणजे अनुभवी मानसशास्त्रज्ञाच्या देखरेखीचे, पैसे वेगळे. वडिलांची द्राक्षबाग अवकाळीत गेली त्या वर्षी फी कुठून आणायची, हा प्रश्न पिंपळगावच्या एका मुलीच्या नावापुढे पेन्सिलने लिहिलेला आहे. मुक्त विद्यापीठाच्या या शहरात नोकरी सांभाळून घरबसल्या मानसशास्त्र शिकणारेही पुष्कळ होते. 2025 च्या सत्रापासून दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने मानसशास्त्राला नवे प्रवेश द्यायचे नाहीत असं विद्यापीठ अनुदान आयोगाने ठरवलं. प्रत्यक्ष सराव हवाच, त्याबद्दल या खोलीत दुमत नाही. पण नोकरी करणाऱ्याने मग शिकायचं कुठे, हे विचारायला विद्यार्थ्यांचा माणूस कुठल्या समितीवर आहे?

[दृश्य: पेठच्या रस्त्यावरची जीप. भातखाचरं. शाळेचा व्हरांडा.]

पेठ तालुक्यातल्या या शाळेत पालकांसाठी शिबिर आहे. सोबत संघटनेच्या ज्येष्ठ मानसशास्त्रज्ञ मॅडम आहेत. मुलांचं काम नोंदणीचं आणि संमतीपत्र समजावून सांगण्याचं.

संमतीपत्रावर वाक्य होतं: "आपल्या माहितीची गोपनीयता राखली जाईल." एका आईने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "म्हणजे माझ्या पोराचं काहीतरी तुम्ही माझ्यापासून लपवणार?"

कॅमेरा मुलीच्या चेहऱ्यावर आहे. इथे निवेदन थांबेल.

[दृश्य: त्याच रात्री, खोली. कागद, खोडाखोड.]

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयता हा हक्क दिला. हक्क आहे हे त्या आईला कळेल असं सांगायचं काम मात्र या सहा जणांच्या अंगावर आलं. गाळलेल्या ओळी बघा. "माहिती गुप्त राहील" खोडलं, कारण त्यात पोलिसी वास येतो. "कुणालाही सांगणार नाही" खोडलं, कारण ते खरं नाही. जीव धोक्यात असेल तर सांगावं लागतं. पेठचा मुलगा घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतो. तो दर वाक्यानंतर आईला फोन लावून वाचून दाखवतो आणि तिला काय कळलं ते विचारतो.

शेवटी हे राहिलं: "तुम्ही इथे जे बोलाल ते आम्ही गावात, शाळेत, तुमच्या घरात कुणाला सांगणार नाही. कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तरच सांगू. शक्य असेल तर आधी तुम्हाला कळवू. मूल लहान असेल तर काय सांगायचं आणि काय नाही, ते तुमच्याशी आणि त्याच्याशी बोलून आधीच ठरवू."

"शक्य असेल तर" या तीन शब्दांवर अर्धा तास गेला. दोघांना ते पळवाट वाटत होते. अध्यक्ष म्हणाली, ठेवायचे. पाळता येणार नाही असं वचन कागदावर द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी मॅडमनी मसुदा वाचला, एक स्वल्पविराम हलवला आणि छापायला सांगितलं.

भाषणं, हारतुरे, गटाचा फोटो म्हणजे विद्यार्थी नेतृत्व अशी समजूत आपल्याकडे पक्की बसली आहे. मला ते या खोडलेल्या कागदावर दिसलं. एकजण दुसऱ्याचं वाक्य खोडतो आणि दुसरा रागावत नाही.

[दृश्य: सभागृहाबाहेर काढलेल्या चपला. बंद दार.]

संघटनेच्या नियमांनुसार विद्यार्थी हे सहयोगी सदस्य. वर्गणी भरायची, शिबिरं करायची, परिषदेची नोंदणी सांभाळायची. संघटनेच्या कारभारात मत नाही. मुलांची मागणी एकच: कार्यकारिणीवर विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी, आणि त्याला मत. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक नेमायला सांगितलं आहे. उद्या त्या खुर्च्यांवर हीच मुलं बसणार आहेत. कामाच्या अटी, सुपरव्हिजन, आचारसंहिता या सगळ्यांवर आज चर्चा होते ती यांच्याशिवाय, आणि हे मला पटत नाही.

आत कॅमेरा नव्हता. दार उघडलं तेव्हा सव्वासात झाले होते. ठरलं ते असं: प्रतिनिधीला कार्यकारिणीच्या बैठकीला बसता येईल. मताचं पुढच्या सर्वसाधारण सभेत, घटनादुरुस्तीबरोबर.

[दृश्य: कॉलेजचं आवार. पहिल्या वर्षाची मुलं रांगेत.]

नवं सत्र. टेबलावर सदस्यत्वाचे फॉर्म आहेत, शेजारी निळी फाइल आणि फरसाणाचा डबा. फॉर्म गेल्या वर्षीच छापलेले, म्हणून तळाशी ती ओळ तशीच आहे: "सहयोगी सदस्यास मतदानाचा अधिकार राहणार नाही."

ती प्रत्येकाला ही ओळ बोट ठेवून वाचून दाखवते. मग पेन पुढे करते.