स्किप्टनमधील चॅरिटी शॉप: जुन्या वस्तूचे पैसे कसे होतात?

नमस्कार मंडळी. मी आत्ता उभा आहे तो रस्ता म्हणजे इंग्लंडच्या उत्तरेकडील स्किप्टन या गावाचा हाय स्ट्रीट, म्हणजे मुख्य बाजाररस्ता. यॉर्कशर डेल्स या डोंगराळ प्रदेशाच्या दक्षिण सीमेवरचे हे बाजाराचे गाव असून लीड्सहून रेल्वेने येथे यायला साधारण पाऊण तास लागतो. येथे बाजार भरवण्याची सनद जॉन राजाने १२०४ साली दिली, आणि आजही सोमवार, बुधवार, शुक्रवार व शनिवार असे आठवड्यातले चार दिवस या रस्त्याच्या दोन्ही कडांना भाजी, चीज, लोकर आणि कपडे विकणाऱ्यांच्या राहुट्या लागतात. वरच्या टोकाला चर्च आहे आणि त्यामागे नऊशे वर्षांहून जुना किल्ला. पर्यटक किल्ला पाहून परततात. आपण मात्र आज राहुट्यांच्या मागे असलेल्या दुकानांच्या रांगेकडे पाहणार आहोत, कारण तिच्यात अधूनमधून जी चॅरिटी शॉप, म्हणजे दान मिळालेल्या जुन्या वस्तू विकणारी धर्मादाय संस्थांची दुकाने दिसतात, त्यांचे अर्थकारण समजून घेण्यासारखे आहे.

[कॅमेरा दुकानांच्या पाट्यांवरून फिरतो.]

भारतातून नव्याने आलेल्या आपल्या लोकांचा येथे एक गैरसमज होतो. चॅरिटी शॉप म्हणजे गरिबांसाठी चालवलेले स्वस्त दुकान, अशी समजूत करून आपण आत शिरतो आणि एखाद्या कोटावर २५ पौंडांची चिठ्ठी दिसली की ‘दान मिळालेल्या वस्तूचे एवढे पैसे?’ असे मनात येते. या प्रश्नाचे उत्तर दुकानाच्या हेतूतच आहे. गिऱ्हाईकाला स्वस्त वस्तू मिळावी यासाठी हे दुकान उघडलेलेच नसते. लोकांनी दिलेल्या वस्तूंचे जास्तीत जास्त पैसे व्हावेत आणि ते पैसे संस्थेच्या कामाला जावेत, यासाठी ते उघडलेले असते. ज्याने तो कोट दिला, त्याची देणगी प्रत्यक्षात किती रुजू झाली हे त्या चिठ्ठीवर ठरते. २५ पौंडांचा कोट ५ पौंडांना विकणे म्हणजे त्याची २० पौंडांची देणगी वाया घालवणे. माझ्या मते एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर या दुकानांतील बाकीच्या चालीरीतींचा उलगडा आपोआप होतो.

या प्रकाराचा इतिहास थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ साली, ब्रिटिश रेड क्रॉसने लंडनच्या ओल्ड बाँड स्ट्रीटवर भेट मिळालेल्या वस्तूंचे दुकान काढले. ऑक्सफॅम ही संस्था १९४२ मध्ये ऑक्सफर्डमध्ये स्थापन झाली ती ग्रीसमधील दुष्काळग्रस्तांना मदत पोहोचवण्यासाठी. युद्धानंतर तिच्या आवाहनाला इतका प्रतिसाद आला की आलेल्या वस्तू विकण्यासाठी ऑक्सफर्डच्या १७, ब्रॉड स्ट्रीट या पत्त्यावर तिने कायमचे दुकान थाटले, आणि ते आजही तेथेच आहे. त्या काळी ब्रिटनमध्ये कपड्यांचे रेशनिंग चालू होते आणि ते १९४९ पर्यंत उठले नव्हते, हे लक्षात घेतले की जुन्या कपड्यांना तेव्हा किती मागणी असेल याची कल्पना येते. त्या दुकानाचे पहिले पगारी व्यवस्थापक जो मिटी यांनी एकदा जिवंत गाढवही विकल्याची हकिकत ऑक्सफॅमची मंडळी अजून सांगतात. आज संपूर्ण ब्रिटनमध्ये अशी दहा हजारांहून अधिक दुकाने आहेत. कर्करोगावरील संशोधन, हृदयरोग, वृद्धांची देखभाल, बेघरांना निवारा, प्राण्यांचे दवाखाने अशी प्रत्येकाची कामे वेगळी असली, तरी दुकान चालवण्याची रीत बहुतेक सारखीच असते.

खरे दुकान मात्र मागच्या खोलीत असते. लोक पिशव्या भरभरून आणतात. त्यांत काय असेल याचा नेम नसतो. पिशवी उघडून कपडे, पुस्तके, भांडी, खेळणी वेगवेगळी करण्याचे काम बहुधा स्वयंसेवक करतात, आणि त्यांत निवृत्त मंडळी बरीच असतात. दुकानात पगारी माणसे म्हणजे एक व्यवस्थापक आणि फार तर त्याचा सहायक. कपड्याचा काखेतला भाग, कॉलर, चेन आणि बटणे आधी पाहिली जातात. चांगला निघालेला कपडा धुतला जात नाही. तो हँगरवर टांगून वाफेच्या यंत्राने सरळ केला जातो. म्हणून विकत घेतलेला कपडा घरी आल्यावर आपण धुवून घ्यावा, हे उत्तम. मग मापाचे लेबल, किमतीची चिठ्ठी, आणि तो बाहेर कधी मांडला हे सांगणारा आठवड्याचा आकडा लागतो. ठरावीक आठवड्यांत तो विकला गेला नाही, तर त्याची किंमत उतरते, किंवा तो त्याच संस्थेच्या दुसऱ्या गावातील दुकानात जातो, किंवा ‘रॅग’ म्हणून चिंध्यांच्या पोत्यात पडतो. मांडणीवर माल सतत नवा दिसला पाहिजे, कारण या दुकानांची खरी भिस्त दर आठवड्याला चक्कर मारणाऱ्या गिऱ्हाइकावर असते. बाजाराच्या दिवशी डेल्समधील खेड्यांतून बसने येणारी माणसे भाजी घेता घेता आत डोकावतात. असे गिऱ्हाईक शहराच्या मॉलमध्ये मिळत नाही.

सगळ्याच वस्तू विकता येत नाहीत. गादीचा सोफा किंवा खुर्ची असेल, तर १९८८ च्या अग्निसुरक्षा नियमांनुसारचे लेबल त्यावर शिवलेले असावे लागते. लेबल कापून टाकलेला सोफा कितीही सुंदर असला तरी दुकानाला तो परत पाठवावा लागतो. विजेची उपकरणे तपासणी झाल्याशिवाय विकायला ठेवत नाहीत आणि अनेक छोटी दुकाने ती घेतच नाहीत. लहान मुलांच्या कारमधील आसनांना आणि सायकलच्या हेल्मेटांना बहुतेक ठिकाणी नकार मिळतो, कारण त्यांना पूर्वी अपघातात मार बसला आहे की नाही हे बाहेरून पाहून कोणालाच सांगता येत नाही.

[हातात किमतीची चिठ्ठी, त्यावरील बारकोड जवळून.]

आता ही चिठ्ठी पाहा. काही वस्तूंवर किमतीशिवाय आणखी एक बारकोड असतो आणि त्यात मला तरी सगळ्यात चतुर युक्ती दिसते. ब्रिटनमध्ये आयकर भरणाऱ्या माणसाने संस्थेला रोख १० पौंड दिले, तर ‘गिफ्ट एड’ या १९९० पासूनच्या योजनेनुसार संस्थेला सरकारकडून आणखी अडीच पौंड मिळतात. म्हणजे एका पौंडामागे २५ पेन्स. ही सवलत पैशाच्या देणगीला आहे, वस्तूच्या देणगीला नाही. मग वस्तूचे काय करायचे? तर कागदोपत्री वस्तू दात्याचीच राहते, दुकान केवळ त्याच्या वतीने ती विकते, आणि विक्रीतून आलेले पैसे दाता संस्थेला देणगी म्हणून देतो. दाता एकदाच अर्ज भरतो, त्याला क्रमांक मिळतो, त्या क्रमांकाचे बारकोड त्याच्या पिशव्यांवर आणि पुढे वस्तूंवर लागतात. गल्ल्यावर बारकोड वाचला गेला की ती विक्री त्याच्या नावावर नोंदली जाते आणि त्याच्या वस्तूंचे किती पैसे झाले हे त्याला नंतर पत्राने किंवा ईमेलने कळवले जाते. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आणि कर भरणाऱ्या मराठी मंडळींनी पिशवी देताना हा अर्ज अवश्य भरावा. खिशातून एक पेनीही जास्त जात नाही. फक्त त्या वर्षी भरलेला कर या परताव्यापेक्षा कमी नसावा, एवढीच अट आहे.

दुकानाला इतरही सवलती आहेत. दान मिळालेल्या वस्तूंच्या विक्रीवर व्हॅट शून्य दराने लागतो. मुख्यतः अशाच वस्तू विकणाऱ्या दुकानाला व्यावसायिक जागेवरील स्थानिक करात ८० टक्के सूट कायद्यानेच मिळते, आणि उरलेले २० टक्केही माफ करायचे की नाही हे स्थानिक कौन्सिल ठरवते. त्यामुळे शेजारचा कपड्यांचा किंवा पुस्तकांचा दुकानदार कुरकुर करतो आणि त्याची तक्रार मला अगदीच निराधार वाटत नाही: तो पूर्ण कर भरतो, माल विकत आणतो, माणसांना पगार देतो. मात्र चॅरिटी शॉप आल्यामुळे गावातील दुकाने बंद पडली, हे म्हणणे मला पटत नाही. पेठेतील गिऱ्हाईक आधी शहराबाहेरच्या सुपरमार्केटने आणि नंतर ऑनलाइन खरेदीने नेले. रिकाम्या झालेल्या गाळ्यांत चॅरिटी शॉप आले. बंद काचेपेक्षा उजेड असलेले दुकान शेजाऱ्यालाही बरेच.

येथे काय शोधावे, याबद्दल मला विशेष उत्साह आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. यॉर्कशर हा लोकरीचा प्रदेश. स्वेटर, मफलर आणि जाड कोट यांचे ढीग येथे असतात. नव्याने शिकायला आलेल्या विद्यार्थ्याने पहिल्या थंडीचा कोट येथूनच घ्यावा. कोटाच्या अस्तरावर गोल आणि त्यावर क्रॉस अशी खूण असलेले हॅरिस ट्वीडचे लेबल दिसले, तर ते कापड स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवर, विणकराच्या घरी विणलेले आहे असे समजावे; या कापडाला १९९३ च्या स्वतंत्र कायद्याचे संरक्षण आहे. मार्क्स अँड स्पेन्सरच्या कपड्यावर ‘सेंट मायकेल’ हे नाव असेल, तर तो साधारण २००० सालाच्या आधीचा, कारण त्या सुमारास कंपनीने हे नाव बंद केले. अशा कपड्यांची शिलाई आजच्या स्वस्त फॅशनपेक्षा कितीतरी बरी असते. पुस्तकाच्या मलपृष्ठावर किंमत केवळ शिलिंगांत छापलेली असेल, तर ते पुस्तक फेब्रुवारी १९७१ मध्ये दशमान नाणी येण्यापूर्वीचे.

भांडी नेहमी उलटी करून पाहावीत. तपकिरी आणि केशरी नक्षीचे मातीचे डबे दिसले, तर तळाशी हॉर्नसी पॉटरीचा शिक्का आहे का ते बघा. पूर्व यॉर्कशरच्या किनाऱ्यावरचा हा कारखाना १९४९ मध्ये सुरू झाला आणि २००० मध्ये बंद पडला, त्यामुळे आता मिळेल तो माल जुनाच. आमच्या घरी मीठ-मसाल्याला असे डबे आहेत. किल्नर नावाच्या काचेच्या बरण्याही हटकून दिसतात. या बरण्या बनवणारी मूळ कंपनी यॉर्कशरचीच. रबराची चकती नवी बसवली की लिंबाच्या लोणच्याला त्याहून चांगली बरणी या देशात मला तरी मिळालेली नाही. एक सूचना मात्र करतो. गल्ल्यावर घासाघीस करू नये. आपल्या जिभेवर ‘काही कमी करा’ लगेच येते, पण किंमत ठरवणारा स्वयंसेवक स्वतःचा नफा पाहत नसतो, आणि त्याला नकार देण्याच्या संकोचात टाकणे बरे नव्हे.

आपले पैसे कोठे गेले, हे लहान गावात विशेष जवळून दिसते. उदाहरणार्थ सू रायडर ही १९५३ मध्ये स्थापन झालेली संस्था. असाध्य आजाराच्या शेवटच्या टप्प्यातील रुग्णांसाठी तिचे मॅनरलँड्स हे हॉस्पिस स्किप्टनच्या दक्षिणेला, कीथलीच्या पलीकडे ऑक्सनहोप गावी आहे. तेथे रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत. सरकारी आरोग्यसेवा खर्चाचा केवळ काही भाग उचलते, उरलेला देणग्यांतून आणि दुकानांतून उभा करावा लागतो. या परिसरातील अनेक कुटुंबांना असे हॉस्पिस कोणा ना कोणाच्या आजारपणामुळे परिचयाचे असते, आणि तेथे शेवटचा श्वास घेतलेल्या माणसाचे कपडे कधीकधी पुढे त्याच संस्थेच्या दुकानात येतात.

आणि जे विकले जात नाही त्याचे काय? चिंध्यांची ती पोती वजनावर कापड व्यापाऱ्यांना विकली जातात, म्हणजे फाटक्या शर्टाचेही थोडे पैसे होतात. ऑक्सफॅमने १९७४ मध्ये याच यॉर्कशरमधील हडर्सफील्ड येथे आपले स्वतःचे वर्गीकरण केंद्र काढले. आता ते बॅटली येथे आहे. बॅटलीचा आणि चिंध्यांचा संबंध त्याहून फार जुना आहे. लोकरीच्या चिंध्या पिंजून, त्यात नवी लोकर मिसळून पुन्हा सूत काढण्याची ‘शॉडी’ नावाची पद्धत बेंजामिन लॉ याने १८१३ मध्ये तेथेच बसवली. आज हा धंदा हरियाणातील पानिपत येथे चालतो: घालण्यालायक जुने कपडे आयात करण्यावर भारतात निर्बंध असल्याने लोकरीचे कपडे कापून चिंध्यांच्या रूपात येतात, रंगांप्रमाणे निवडले जातात आणि त्यांच्या सुतापासून घोंगड्या होतात. आपत्तीच्या वेळी वाटल्या जाणाऱ्या अनेक घोंगड्या पानिपतच्याच. बराच माल गुजरातमधील कांडला येथील विशेष आर्थिक क्षेत्रात प्रतवारी होऊन आफ्रिकेकडे निघतो, आणि घानाच्या राजधानीतील कांटामांटो बाजारात ब्रिटनमधून थेटही पुष्कळ गठ्ठे पोहोचतात. तेथील व्यापारी न उघडलेला गठ्ठा विकत घेतो. आत निकृष्ट कपडे निघाले, तर नुकसान त्याचे. ही या साखळीची सर्वांत दुबळी बाजू आहे, आणि स्वस्त फॅशनचे कपडे जसजसे वाढले तसतशी ती अधिक दुबळी झाली. शिवाय चांगला ब्रँडेड कपडा आता लोक व्हिंटेडसारख्या ॲपवर स्वतःच विकतात, त्यामुळे दुकानाच्या पिशवीत उरलेसुरले जास्त येऊ लागले आहे.

आपल्याकडे जुन्या साड्या घेऊन स्टीलचे पातेले देणारी बोहारीण दारावर येत असे. देणाऱ्याच्या हातात लगेच मोबदला पडायचा आणि कपडा पुढे कोणाच्या अंगावर गेला याची चौकशी कोणी करत नसे. कदाचित त्यामुळेच अनोळखी माणसाचा वापरलेला कपडा स्वतः विकत घेताना आपण अजून बिचकतो. येथे दुकानात देणारा आणि घेणारा पुष्कळदा एकच माणूस असतो, एक पिशवी देऊन दुसरी घेऊन जाणारा.

तुम्हाला पिशवी द्यायची असेल, तर कपडे धुवून, जोड्याचे दोन्ही बूट एकत्र बांधून आणि जिगसॉचे तुकडे पुरे आहेत याची खात्री करून द्या. दुकान बंद असताना दाराशी पिशवी ठेवू नका. स्किप्टनच्या पावसात ती रात्रभर भिजली, तर आतले काहीच विकता येत नाही आणि ते फेकण्याचा खर्च संस्थेला करावा लागतो. मोडकी वस्तू कौन्सिलच्या रीसायकलिंग केंद्रावर न्या. मोठे फर्निचर असेल, तर आधी फोन करा. काही संस्था ते घरून विनामूल्य उचलतात, पण अग्निसुरक्षेचे लेबल शाबूत आहे का, हा त्यांचा पहिला प्रश्न असेल.