कोपर आणि फ्रिजवरचा कागद

नमस्कार मंडळी, अमेरिकेतल्या ज्या मराठी घरांत पोरं बेसबॉल खेळतात त्यांच्यासाठी आज बोलतोय. आधी एक करा, गाडी चालवत असाल तर नंतर करा. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट थोडं आत वाकवा. मधोमध दोरीसारखं काहीतरी वर आलं? काहींना ते नसतंच, त्यावाचून अडतही नाही. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या, म्हणजे बॉल टाकणाऱ्या खेळाडूच्या, एका हातातली हीच दोरी काढून दुसऱ्या हाताच्या कोपरात फाटलेल्या लिगामेंटच्या, म्हणजे हाडं जोडणाऱ्या पट्ट्याच्या, जागी बसवली, आणि हा बाबा १९७६ ला परत आला तो १९८९ पर्यंत खेळला! तेव्हापासून लोकांना वाटतं, फाटलं तर शिवून घेऊ.

पण तो ३१ वर्षांचा होता हो. पोरांचं हाड अजून वाढत असतं, कोपराच्या आतल्या बाजूला जो उंचवटा हाताला लागतो तिथली ग्रोथ प्लेट, म्हणजे हाड जिथून वाढतं तो भाग, कच्ची असते, प्रत्येक पिचला, म्हणजे बॉलच्या प्रत्येक फेकीला, तीच ओढली जाते. क्रिकेटमध्ये बोलिंग हात सरळ ठेवून, त्यामुळे आपल्याला हे दुखणं माहीतच नसतं.

मलाही नव्हतं. माझा मुलगा ११ वर्षांचा, शनिवारी लीगची मॅच, रविवारी ट्रॅव्हल टीम, म्हणजे गावोगावी जाऊन खेळणारी दुसरी टीम, मी आपला टाळ्या वाजवतोय. एका रात्री तो डाव्या हाताने जेवायला लागला, बायको ओरडली, तर म्हणाला उजवा कोपर सरळच होत नाहीये. डॉक्टरांनी सहा आठवडे बॉल टाकणं बंद केलं.

पिच स्मार्ट म्हणून पोरांचे हात जपायला अमेरिकन बेसबॉलवाल्यांनी काढलेली नियमावली आहे, तिचा नियम असा, ११-१२ वयाला दिवसाला जास्तीत जास्त ८५ पिच, आणि ६६ च्या वर गेलं की ४ दिवस सुट्टी. दोन्ही कोच मोजत होते, प्रामाणिकपणे मोजत होते, पण आपापल्या मॅचचेच, आणि दोघांची बेरीज करायचं काम कोणाचं? माझंच ना. वर्षात चार महिने पिचिंग बंद ठेवा असंही सांगतात, ते तर ट्रॅव्हल टीमवाल्यांना सांगून बघा.

आता फ्रिजवर कागद लावलाय, मॅचहून आला की मुलगा स्वतःच त्या दिवशीच्या पिचचा आकडा लिहितो. परवा बुधवारी त्याने ३८ लिहिले, माझ्या मोजणीत ५२ होते. ३८ ला दोन दिवस सुट्टी, ५२ ला तीन.

शनिवारी मॅच होती.