गल्ल्यावर बसलेली तामाकी

१ ऑक्टोबर १९१४ रोजी तोक्योच्या निहोनबाशी भागात, गोफुकुबाशी पुलाजवळ, ‘मिनातोया’ नावाचं एक लहानसं दुकान उघडलं. तिथे ठशांची छापील चित्रं होती, नक्षीचे कागद होते, पत्रं लिहायचे कागद आणि पाकिटं होती. शिवाय किमोनोच्या आतल्या पोशाखाला लावायच्या गळपट्ट्या, पंखे, छत्र्या, बाहुल्या असा माल होता. गिऱ्हाईक मुख्यतः शाळा-कॉलेजातल्या मुली आणि तरुण बायका. मालावरची चित्रं तकेहिसा युमेजीची, आणि दुकान सांभाळायची किशी तामाकी. कायद्याच्या कागदांवर त्या दोघांचा घटस्फोट होऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती.

युमेजीचं नाव जपानमध्ये आजही घरोघरी माहीत आहे. मोठ्या, जड पापण्यांच्या डोळ्यांची, किंचित वाकून उभी राहिलेली, हातापायांचे पंजे जरा मोठेच असलेली त्याची बाई कॅलेंडरांवर, रुमालांवर, मिठाईच्या डब्यांवर दिसते. तामाकीची ओळख त्याच्या चरित्रात दोन शब्दांत उरकली जाते: पहिली मॉडेल आणि बायको. दोन्ही खरं आहे. पण तिने दोनदा दुकान काढलं आणि दोन्ही वेळा युमेजीचं चित्र त्या दुकानातून लोकांच्या हातात गेलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. म्हणून आज मी तिच्याकडे गल्ल्याच्या बाजूने बघणार आहे.

तामाकीचा जन्म १८८२ सालचा, कानाझावाचा. तिचा पहिला नवरा चित्रकलेचा शिक्षक होता. तो वारला आणि ती तोक्योला आली. नोव्हेंबर १९०६ मध्ये वासेदा विद्यापीठाजवळच्या त्सुरुमाकी-चो भागात तिने ‘त्सुरुया’ हे चित्र-पोस्टकार्डांचं दुकान सुरू केलं. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती.

पोस्टकार्डंच का, हे समजून घ्यायला हवं. जपानमध्ये खाजगी छपाईची पोस्टकार्डं वापरायला परवानगी मिळाली १९०० साली. त्यानंतर १९०४-०५ च्या रशियाशी झालेल्या युद्धाने पोस्टकार्डांचं वेड देशभर पसरवलं. माल लहान, जागा कमी, भांडवल थोडं, आणि दाराशी विद्यार्थ्यांची वर्दळ. एकट्या बाईने उभं करावं असं याहून शहाणपणाचं दुकान त्या गल्लीत सापडलं नसतं. धोका एकच: कार्डं सगळीकडे तीच मिळत, त्यामुळे गिऱ्हाईक आपल्याकडेच का येईल? तिला स्वतःची, दुसरीकडे न मिळणारी चित्रं हवी होती.

दुकान उघडल्यावर काही दिवसांतच युमेजी तिथे आला. वय बावीस. ओकायामाकडच्या गावातून आलेला, व्यापारी शिक्षण अर्धवट सोडलेला, मासिकांत आणि समाजवादी पत्रांत छोटी चित्रं छापून आणणारा. कुठल्याही कलाशाळेत तो रीतसर शिकला नव्हता. तो तिच्या दुकानासाठी कार्डं काढू लागला, आणि जानेवारी १९०७ मध्ये त्यांनी लग्न केलं. पहिला मुलगा १९०८ साली झाला, मे १९०९ मध्ये घटस्फोट झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये दोघं मिळून फुजी पर्वत चढले! पुढे दुसरा मुलगा १९११ मध्ये, तिसरा १९१६ मध्ये. एकत्र राहणं, वेगळं होणं, परत येणं हे वर्षानुवर्षं चाललं. घटस्फोटाची तारीख बघून या नात्याचा शेवट ठरवणाऱ्यांची इथेच फसगत होते.

आता त्या डोळ्यांकडे येऊ. तामाकीचे डोळे मोठे होते आणि युमेजीने आपल्या लिखाणातही तिला डोळ्यांवरूनच ओळखलं. तिच्या आधीच्या जपानी ठसाचित्रांतल्या सुंदरीचे डोळे म्हणजे दोन बारीक तिरप्या रेषा. मग हे बदललं ते निव्वळ प्रेमामुळे का? माझ्या मते छपाईचाही त्यात हात आहे. युमेजीची सुरुवातीची बहुतेक चित्रं मासिकांच्या मजकुरात बसवायची, काडेपेटीएवढी. लाकडात कोरलेला ठसा, साधा कागद, वेगात छपाई. अशा चित्रात चेहरा नखाएवढा असतो. ठशाच्या छपाईत काळी रेघ म्हणजे लाकडाची उभी राहिलेली धार. आजूबाजूचं लाकूड खोदून काढायचं आणि रेघ तेवढी शिल्लक ठेवायची. धार फार बारीक ठेवली तर दाबाने तुटते, शाई जास्त झाली तर शेजारच्या रेघेला चिकटते. दोन बारीक तिरप्या रेषांचे डोळे इतक्या लहान मापात गालाच्या रेघेत हरवून जातात. मोठी काळी बाहुली आणि जाड पापणी मात्र वाईट छपाईतही टिकते, आणि पान उलटणाऱ्याची नजर तिथेच अडते. तामाकीचा चेहरा त्या छोट्या ठशाला मानवणारा होता. डिसेंबर १९०९ मध्ये युमेजीचा पहिला चित्रसंग्रह निघाला तो अशाच आधी छापून झालेल्या ठशांतून, आणि तो प्रचंड खपला. घटस्फोटानंतर सातच महिन्यांनी तिचा चेहरा देशभर पोचला होता.

घरातल्या बाईला मॉडेल करणं आणि पगारी मॉडेल लावणं यात मोठा फरक आहे. पगारी मॉडेलचा वेळ ठरलेला असतो. आजही साधारण वीस मिनिटं बैठक, मग विश्रांती, अशा पाळ्या असतात. विश्रांतीच्या आधी पाय कुठे होते, हात कुठे टेकला होता, याच्या खुणा जमिनीवर करून ठेवतात. किमोनोत ही अडचण दुप्पट होते. गुडघे मोडून बसल्यावर थोड्या वेळात पाय बधिर होतात, मॉडेल नकळत वजन एका बाजूला टाकते आणि कंबरेखालची प्रत्येक चुणी बदलते. मानेमागची कॉलर घसरली की मानेची लांबी वेगळी दिसते. कंबरपट्टा घट्ट असल्याने श्वास वर छातीत घ्यावा लागतो, खांदे उचलले जातात. उठून परत बसल्यावर पहिल्या चुण्या पुन्हा तशाच पडत नाहीत. म्हणून कापड आधी काढून घ्यायचं आणि चेहरा नंतर, असा क्रम अनेक चित्रकार ठेवतात.

बायको मॉडेल असली की ही पाळ्यांची शिस्त नसते. ती अमुक वेळ बसत नाही. ती घरात वावरत असते आणि तो टिपत असतो. पत्र वाचताना, मुलाला घेऊन, केस विंचरताना. युमेजीच्या सुरुवातीच्या बायका कामात गुंतलेल्या, मान वळवलेल्या, अर्ध्या हालचालीत थांबलेल्या वाटतात त्याचं एक कारण हे असावं. आणि या कामाला मोल नव्हतं. पैसे दुकानातून यायचे, ते तिलाच मिळवायचे होते.

त्सुरुयाच्या नावाने १९११ पासून युमेजीच्या पोस्टकार्डांचे मासिक संच निघू लागले. ही कल्पना धंद्याच्या दृष्टीने फार नेमकी होती, कारण दर महिन्याला नवा संच आला की तेच गिऱ्हाईक परत येतं. मिनातोयाने पुढचं पाऊल टाकलं. भिंतीवर लावायचं चित्र माणूस एकदा घेतो. पत्राचा कागद संपतो, पाकीट संपतं, गळपट्टी मळते. गळपट्टी म्हणजे किमोनोखालच्या पोशाखाच्या कॉलरवर टाचायची वेगळी पट्टी. अंगावर तिचा दिसणारा भाग दोन-चार बोटांचा, पण चेहऱ्याच्या अगदी खाली. नवा किमोनो घ्यायला पैसे नसलेली मुलगी नवी पट्टी घेऊ शकते, घरी स्वतः टाचू शकते. दुकानाची खरी ताकद अशा मालात होती.

छापील चित्रं आणि नक्षीचे कागद कसे होत, तेही बघू. चित्रकाराचं रेखाटन पातळ कागदावर काढून ते उलटं करून रानचेरीच्या लाकडावर चिकटवतात. कोरणारा काळ्या रेघांचा मुख्य ठसा कोरतो. ज्या कामात वाटणी असते तिथे चेहरा आणि केसांच्या मुळाशी असलेल्या बारीक रेघा मुरलेल्या कारागिराकडे जातात, कपडे आणि पार्श्वभूमी शिकाऊंकडे. मुख्य ठशाच्या प्रती काढून चित्रकार कुठे कोणता रंग ते खुणावतो आणि प्रत्येक रंगाचा वेगळा ठसा होतो. प्रत्येक ठशावर दोन खाचा असतात, एक कोपऱ्यातली काटकोनी आणि एक त्याच कडेची सरळ. कागद दर वेळी या खाचांना टेकवायचा, म्हणजे रंग जागच्या जागी पडतो. रंगात तांदळाची खळ मिसळून तो ब्रशने ठशावर पसरतात, कागद वर ठेवतात आणि बारेन नावाच्या सपाट गोल चकतीने पाठीमागून घासतात. तिच्यावर बांबूच्या सोपटाचं वेष्टण असतं.

बिघाड ठरलेले असतात. कागद ओलसर ठेवूनच छापायचा असतो. मधल्या रंगाला तो वाळला तर आकसतो, आणि ओठाचा लाल रंग ओठाबाहेर पडतो. सरस आणि तुरटीचा लेप कागदाला नीट बसला नसेल तर रंग फुटतो. खळ कमी पडली तर सपाट रंगात ठिपके उठतात. मुख्य ठशाची धार झिजली की पहिलं नुकसान पापण्यांचं होतं. म्हणून जुनं छापील चित्र हातात आलं तर आधी डोळे बघावेत, मग ओठांची कड, मग मागची बाजू. मागे बारेनच्या घासण्याच्या गोलाकार खुणा दिसल्या तर ती हाताची छपाई.

मिनातोयाभोवती तरुण चित्रकार जमत. पुढे आधुनिक ठसाचित्रांचा अग्रणी झालेला ओन्ची कोशिरो युमेजीच्या जवळच्या वर्तुळात होता. तोगो सेइजी हा सतराएक वर्षांचा मुलगा दुकानात येऊन चित्रांच्या कामात मदत करायचा. कासाई हिकोनो ही निहोनबाशीतल्या कागदाच्या व्यापाऱ्याची मुलगी, चित्रकला शिकणारी, इथेच युमेजीला भेटली आणि त्याचं मन तिच्यात गुंतलं. स्वतः असा वागणारा युमेजी तामाकीवर मात्र तोगोवरून संशय घेत राहिला. १९१५ च्या मे महिन्यात तोयामाकडच्या तोमारी किनाऱ्यावर त्याने तामाकीच्या दंडावर चाकूने वार केला. काही लेखक याला उत्कट प्रेमाचा प्रसंग म्हणून रंगवतात. तो हल्ला होता, आणि तो हल्ला म्हणूनच सांगितला पाहिजे.

पुढच्या वर्षी तिसरा मुलगा झाला आणि १९१६ च्या नोव्हेंबरात युमेजी क्योतोला निघून गेला. दुकान टिकलं नाही. दोन माणसांवर चाललेल्या अशा धंद्यात नवं चित्र थांबलं की चार-सहा महिन्यांत माल जुना दिसू लागतो. गल्ला सांभाळणारी कितीही हुशार असली तरी ती उणीव ती भरू शकत नाही. तीन मुलं तीन ठिकाणी गेली: थोरला आजी-आजोबांकडे, मधला बापाकडे, धाकटा दत्तक.

हिकोनो काही काळ क्योतोत युमेजीबरोबर राहिली, क्षयाने आजारी पडली आणि जानेवारी १९२० मध्ये तेविसाव्या वर्षी वारली. त्याआधीच, १९१९ मध्ये, युमेजीकडे सासाकी कानेयो आली होती. तिला त्याने ओयो म्हटलं. अकिताची, १९०४ सालची, धंदेवाईक मॉडेल. तोक्योच्या कलाशाळेत तिने काम केलं होतं, फुजिशिमा ताकेजीसारख्या मोठ्या चित्रकारासमोर बसली होती. काळं मांजर कवटाळलेल्या बाईचं ‘कुरोफुने-या’ हे युमेजीचं सर्वांत प्रसिद्ध चित्र त्याच वर्षीचं, आणि त्याच्यासाठी ओयोच बसली असं सांगतात. इथे क्रम उलटा झालेला दिसतो. तामाकीवरून युमेजीची सुंदरी घडली. ओयो आली तेव्हा ती सुंदरी तयार होती आणि ओयोला तिच्यासारखं उभं राहायचं होतं. ओयोचं शरीर प्रशिक्षित होतं, ती कुठलाही पवित्रा घेऊ आणि टिकवू शकत होती, म्हणून ते जमलं. १९२५ च्या सुमारास तीही त्याला सोडून गेली आणि पुन्हा फुजिशिमासाठी बसली. चिनी पोशाखातल्या बाईचं त्याचं १९२६ चं चित्र तिच्यावरून आहे.

युमेजी १ सप्टेंबर १९३४ रोजी नागानोतल्या फुजिमी इथल्या क्षयाच्या रुग्णालयात वारला. शेवटच्या काळात जवळचं असं कोणी त्याच्यापाशी नव्हतं. त्याच्या मृत्यूनंतर तामाकी तिथे गेली आणि त्याची शुश्रूषा झाली त्याचे उपकार फेडायचे म्हणून रुग्णालयात काही काळ काम केलं. पन्नाशी ओलांडलेली बाई, पंचवीस वर्षांपूर्वी घटस्फोट झालेली, दंडावर त्याच्या चाकूचा वार सोसलेली. तिने हे का केलं याचं उत्तर देण्याचा मोह सगळ्यांना होतो. मला त्यात तिचा व्यवहारातला चोखपणा दिसतो: घराण्याचं देणं थकलं होतं, ते तिने कष्टाने चुकतं केलं. १९४५ मध्ये ती वारली.

ज्यांना हे सगळं पाहायचं आहे त्यांच्यासाठी सांगतो. ‘कुरोफुने-या’ गुन्मा प्रांतातल्या इकाहोच्या युमेजी संग्रहालयात आहे आणि ते वर्षातून थोडेच दिवस, त्याच्या १६ सप्टेंबरच्या जन्मदिवसाच्या सुमारास, दाखवतात; तारखा आधी विचारून जावं. तोक्योत, तोक्यो विद्यापीठाजवळच्या यायोई भागात, १९९० पासून त्याच्या नावाचं संग्रहालय आहे. कानाझावाजवळच्या युवाकु या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावीही एक आहे. युमेजी हिकोनोबरोबर तिथे राहिला होता. मिनातोयाच्या जागेची खूण सांगणारा दगड तोक्यो स्टेशनच्या याएसु बाजूला आहे. संग्रहालयांत रंगीत मोठ्या चित्रांसमोर गर्दी असते. पाकिटं, पत्रांचे कागद, नक्षीचे कागद असलेली काचेची कपाटं सहसा बाजूच्या भिंतीला असतात. वापरून संपवण्यासाठीच केलेला हा माल शंभर वर्षांनी फार थोडा उरला आहे, आणि नंतर पुन्हा छापलेल्या प्रती बाजारात पुष्कळ आहेत. विकत घेणाऱ्याने वर सांगितलेल्या तीन जागा बघाव्यात आणि शिवाय कागदही बघावा: खूप पांढरा, कडक आणि कडा एकसारख्या कापलेला कागद असेल तर तो बहुतेक नंतरच्या छपाईचा.